१५४ आणि ७७ : अतिउजव्या पक्षांपुढे संविधान कुठे टिकतं आणि कुठे अपुरं पडतं

लोकशाहीचा गळा संविधान मोडूनच घोटला जातो, असा एक समज आहे. गोव्याचा अनुभव वेगळा आहे. एप्रिल १९३३ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती आणि ती एका लेखी संविधानाखाली चालत होती. १९ मार्च १९३३ रोजी त्या संविधानावर सार्वमत झालं. जे मतदार मत द्यायला आले नाहीत, त्यांचाही होकारच धरला गेला. ११ एप्रिलला संविधान लागू झालं.

त्याच्या कलम ८ मध्ये हक्कांची यादी होती. विचार मांडायचं स्वातंत्र्य, सभेचं स्वातंत्र्य, संघटना उभारायचं स्वातंत्र्य, सगळं होतं. पण त्याच कलमात पुढे म्हटलं होतं की या स्वातंत्र्यांचा वापर कसा करायचा ते 'विशेष कायदे' ठरवतील, आणि लोकमत बिघडू नये म्हणून ते आधीच रोखण्याची सोयही त्या कायद्यांत असेल. ज्या दिवशी संविधान लागू झालं, त्याच दिवशी सेन्सॉरचा हुकूमही निघाला. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं, तेही अगदी कायदेशीरपणे.

गोव्यात याचा अर्थ काय झाला ते जुन्या पिढीला ठाऊक आहे. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागे, असं ती माणसं सांगतात. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली ती सरकारी बंदी झुगारून. सभा भरवणं हाच गुन्हा होता. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. १९३० च्या वसाहत कायद्यालाही याच संविधानानं घटनात्मक दर्जा दिला. वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना 'सुसंस्कृत' करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्य आहे, असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. गोव्यातले पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी त्याला विरोध केला तो १९३० सालीच.

२५ एप्रिल १९७४ ला ही राजवट कोसळली. नवं संविधान २ एप्रिल १९७६ ला मंजूर झालं आणि २५ एप्रिलपासून लागू झालं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापुढे जुन्या मजकुराचा धडा होता. कुठल्या वाक्यातून हुकूमशाही आत शिरली, हे त्यांना बोट ठेवून दाखवता येत होतं. म्हणून अतिउजव्या पक्षांपासून संविधान लोकशाहीचं रक्षण कसं करतं हे समजून घ्यायला पोर्तुगाल हे गोव्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण आहे. शिवाय हजारो गोंयकारांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे. तिथल्या संसदेत काय चाललंय, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे.

'अतिउजवा' म्हणजे नेमका कोण

परंपरा मानणारा, कर कमी करा म्हणणारा, स्थलांतरावर मर्यादा घाला म्हणणारा पक्ष आपोआप अतिउजवा होत नाही. निवडणूक हरली तर खुर्ची सोडायची, न्यायालयाचा निकाल विरोधात गेला तरी पाळायचा, अल्पसंख्य नागरिकाला समान नागरिक मानायचं, या गोष्टी त्याला मान्य असतील तर तो लोकशाहीतला एक साधा उजवा पक्ष आहे. धर्म, वंश किंवा मूळ पाहून नागरिकांच्या पायऱ्या पाडायला जो निघतो, आणि न्यायालय, वृत्तपत्रं, विरोधी पक्ष यांना राष्ट्राचे शत्रू ठरवतो, त्याच्या बाबतीत संविधानातल्या संरक्षक तरतुदींचा विचार करावा लागतो. ही सीमारेषा काळजीनं आखायला हवी. ती ढिली आखली तर उद्या याच तरतुदी सत्ताधाऱ्यांना न आवडणाऱ्या कुठल्याही पक्षावर वापरता येतील.

पोर्तुगालमध्ये हा प्रश्न 'शेगा' या पक्षामुळे ऐरणीवर आला. अभ्यासक त्याला अतिउजवा म्हणतात, पक्ष स्वतः ते नाकारतो. २०१९ साली त्याचा १ खासदार होता. २०२२ मध्ये १२ झाले, २०२४ मध्ये ५०, आणि १८ मे २०२५ च्या निवडणुकीत ६०. संसदेच्या एकूण जागा २३०. परदेशस्थ पोर्तुगीज नागरिकांसाठी त्यात ४ जागा आहेत. २०२५ मध्ये त्यांतल्या २ शेगानं जिंकल्या. म्हणजे ज्या मतदारसंघांत परदेशी राहणाऱ्या गोंयकार पोर्तुगीज नागरिकांची नावं असतात, तिथूनच.

एक उदाहरण घेऊन पाहू : जन्मठेप

जन्मभराचा तुरुंगवास आणावा ही शेगाची जुनी मागणी. पोर्तुगालमध्ये जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षांची आहे. संविधानाच्या कलम ३० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की तहहयात किंवा मुदत न ठरवलेला तुरुंगवास देता येणार नाही. आता अशी मागणी करणाऱ्या पक्षाला काय काय करावं लागेल ते क्रमानं बघू. त्यातून सगळी यंत्रणा उलगडते.

पहिली वाट साध्या कायद्याची. संसदेत साध्या बहुमतानं विधेयक मंजूर झालं, असं धरू. ते राष्ट्राध्यक्षांकडे सहीसाठी जातं. हाती आल्यापासून ८ दिवसांत राष्ट्राध्यक्ष ते घटना न्यायालयाकडे पाठवू शकतात. न्यायालयाला उत्तर द्यायला २५ दिवस. घाई असेल तर राष्ट्राध्यक्ष ही मुदत कमी करू शकतात. कायदा अजून लागू झालेला नसतो, एकाही माणसाला शिक्षा झालेली नसते, आणि तेवढ्यात तपासणी होते. असं बंधनकारक पाऊल आपल्याकडे नाही. भारतात कायदा आधी लागू होतो, मग कुणीतरी न्यायालयात जातं, आणि निकाल यायला वर्षं लागू शकतात.

न्यायालयानं तरतूद घटनाबाह्य ठरवली की राष्ट्राध्यक्षांना ती परत पाठवावीच लागते. त्यांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. संसदेपुढे मग दोन पर्याय असतात. खटकलेला भाग बदलायचा, किंवा हजर खासदारांच्या दोन-तृतीयांश मतांनी तोच मजकूर पुन्हा मंजूर करायचा. दुसरा पर्याय नीट लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

राष्ट्राध्यक्षांनी न्यायालयाकडे न पाठवता सही केली तर? कायदा लागू होतो, पण वाट बंद होत नाही. संसदेचे एक-दशांश, म्हणजे २३ खासदार, केव्हाही घटना न्यायालयात जाऊ शकतात. पंतप्रधान, संसदेचे अध्यक्ष, महाधिवक्ता आणि लोकपाल यांनाही तो हक्क आहे. शिवाय देशातल्या कुठल्याही न्यायालयातला न्यायाधीश समोरच्या खटल्यात 'हा कायदा संविधानाविरुद्ध आहे, मी तो लावणार नाही' असं म्हणू शकतो. एक दार चुकलं तर दुसरं, दुसरं चुकलं तर तिसरं. मला या रचनेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण एकाच माणसाच्या धैर्यावर ती विसंबून नाही.

दुसरी वाट संविधानच बदलण्याची. इथे सुरुवात आश्चर्य वाटावं इतकी सोपी आहे. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव एक खासदारही मांडू शकतो. एकानं मांडला की इतर सगळ्यांना आपले प्रस्ताव ३० दिवसांत आणावे लागतात. २०२२ साली १२ खासदारांच्या शेगानं असाच प्रस्ताव मांडला आणि संपूर्ण संसदेला घटनादुरुस्तीच्या चर्चेला बसावं लागलं. संसद विसर्जित झाल्यानं ती प्रक्रिया तशीच संपली. नेहमीची दुरुस्ती मागच्या नेहमीच्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांनीच करता येते. त्याआधी करायची तर चार-पंचमांश खासदारांची संमती लागते. मागची नेहमीची दुरुस्ती २००४ सालची, त्यामुळे हा काळ केव्हाच उलटून गेला आहे.

मंजुरीसाठी लागतात दोन-तृतीयांश. हजर असलेल्यांचे नव्हेत, पदावर असलेल्या सगळ्यांचे. २३० चे दोन-तृतीयांश म्हणजे १५४. एकदा दुरुस्ती मंजूर झाली की राष्ट्राध्यक्ष सही नाकारू शकत नाहीत. आणीबाणी चालू असताना मात्र दुरुस्तीचं कामच करता येत नाही. हा नियम फार विचारपूर्वक घातलेला आहे. लोक घाबरलेले असतात, रस्त्यावर लष्कर असतं, तेव्हा संविधानाला हात लावायचा नाही.

१५४ चा अडथळा पार झाला तरी कलम २८८ आडवं येतं. दुरुस्तीनं ज्यांना धक्का लावता येत नाही अशा गोष्टींची यादी त्यात आहे : नागरिकांचे हक्क आणि स्वातंत्र्यं, गुप्त व थेट मतदान, मतांच्या प्रमाणात जागा, विरोधी पक्षाचा हक्क, न्यायालयांचं स्वातंत्र्य, कायद्यांची घटनात्मक तपासणी, स्थानिक संस्थांची स्वायत्तता, धर्म आणि राज्य यांची फारकत. 'मतांच्या प्रमाणात जागा' हे वाचताना फारसं महत्त्वाचं वाटत नाही. हंगेरीची गोष्ट आली की त्याची किंमत कळते.

आणि १९३३ च्या त्या पळवाटेचं काय केलं? कलम ३७ म्हणतं, विचारस्वातंत्र्यावर कुठल्याही प्रकारची सेन्सॉरशिप चालणार नाही. कलम १८ सांगतं, हक्कावर बंधन घालायचं तर ते संविधानात नमूद असलं पाहिजे, गरजेपुरतं असलं पाहिजे, सगळ्यांना सारखं लागू असलं पाहिजे, मागच्या तारखेपासून लावता येणार नाही, आणि त्यानं हक्काचा गाभा खचता कामा नये. 'विशेष कायदा ठरवील' हे वाक्य पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून ही एवढी शब्दयोजना.

मे २०२५ नंतर आकडे बदलले

गेली अनेक दशकं पोर्तुगालमध्ये दोन मोठे पक्ष होते, मध्य-उजवा सोशल डेमोक्रॅटिक आणि मध्य-डावा समाजवादी. नावावर जाऊ नका, पहिला खरोखरच उजवीकडचा आहे. या दोघांना मिळून दोन-तृतीयांश जमत, आणि दोघांशिवाय ते कुणालाच जमत नसत. म्हणजे संविधानाला हात लावायचा तर दोन्ही बाजूंचा होकार लागे. ही लिखित तरतूद नव्हती, निवडणुकीच्या निकालांतून तसं घडत आलं होतं.

१८ मे २०२५ ला ते संपलं. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सत्ताधारी मध्य-उजव्या आघाडीचे ९१, शेगाचे ६०, समाजवाद्यांचे ५८, उदारमतवादी पक्षाचे ९, डाव्या लिव्रे पक्षाचे ६, बाकीचे ६. बेरीज करून पाहा. आघाडी आणि समाजवादी मिळून १४९, म्हणजे ५ कमी. आघाडी, शेगा आणि उदारमतवादी मिळून १६०. डाव्या बाजूचं एकही मत न घेता संविधान बदलता येईल असा आकडा पहिल्यांदाच तयार झाला. संविधानातला एक शब्दही बदललेला नाही, पण त्याचं संरक्षण पातळ झालं.

म्हणून अशा लेखांत नेहमी दिसणारं 'दोन-तृतीयांश बहुमताचं भक्कम संरक्षण' हे वर्णन अर्धवट आहे. दोन-तृतीयांश हे फक्त प्रमाण आहे. ते कुणाकुणाला एकत्र यायला भाग पाडतं, हे दर निवडणुकीनंतर नव्यानं मोजावं लागतं.

पासपोर्टचा प्रश्न

३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांचं पोर्तुगीज नागरिकत्व मात्र त्यांचा कायदा मानत राहिला, आणि त्याच आधारानं मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पासपोर्ट काढतात. २०२५ साली स्थलांतर आणि नागरिकत्व या दोन्ही कायद्यांवर वरची यंत्रणा प्रत्यक्ष चालताना दिसली.

आधी परदेशी नागरिकांचा कायदा. जुलै २०२५ मध्ये आघाडी आणि शेगाच्या मतांनी तो मंजूर झाला. कुटुंबाला बोलावून घेण्यावर त्यात कडक अटी होत्या, जोडीदाराला आणण्याआधी २ वर्षं थांबायची अटही होती. राष्ट्राध्यक्षांनी तो घटना न्यायालयाकडे पाठवला. ८ ऑगस्टला न्यायालयानं काही तरतुदी कुटुंबाच्या हक्काविरुद्ध आहेत म्हणून फेटाळल्या. कायदा परत गेला, त्यात सवलती घातल्या गेल्या, आणि सप्टेंबरच्या अखेरीस तो पुन्हा मंजूर झाला. पुन्हा शेगाच्याच मतांनी. न्यायालयानं तो थांबवला नाही, त्याची धार कमी केली. न्यायालयाकडून यापेक्षा जास्तीची अपेक्षा ठेवणाऱ्यांची निराशा होते, आणि मग ते न्यायालयालाच दोष देतात. सरकारचं धोरण उलटवणं हे मतदारांचं काम आहे. त्या धोरणात माणसाचा हक्क चिरडला जाऊ नये एवढं बघणं न्यायालयाचं.

नागरिकत्वाच्या कायद्याची गोष्ट जास्त बोलकी आहे. पोर्तुगालमध्ये नागरिकत्व, निवडणुका असे थोडे विषय विशेष दर्जाच्या कायद्यांत मोडतात. अशा कायद्यांबाबत लागू होण्याआधीची तपासणी मागायचा हक्क राष्ट्राध्यक्षांखेरीज एक-पंचमांश खासदारांनाही असतो. २३० चे एक-पंचमांश म्हणजे ४६. समाजवाद्यांचे ५८ होते. २८ ऑक्टोबर २०२५ ला सुधारणा १५७ विरुद्ध ६४ मतांनी मंजूर झाली, आणि समाजवादी खासदारांनी न्यायालयाची वाट धरली. डिसेंबरमध्ये न्यायालयानं अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यांत गुन्ह्याची जादा शिक्षा म्हणून नागरिकत्व काढून घ्यायची तरतूद होती. ठरावीक शिक्षा झाली की नागरिकत्वाचं दार आपोआप बंद, अशीही एक होती. नागरिकत्वासाठी पोर्तुगालमध्ये राहण्याची वर्षं वाढवायचा मुद्दा मात्र या निकालानं पडला नाही.

नागरिकत्व काढून घ्यायची ती तरतूद गोंयकारांनी का लक्षात ठेवावी? भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्याचं भारतीय नागरिकत्व गेलेलं असतं. अशा माणसाच्या डोक्यावरून दुसरंही छप्पर काढणं शक्य आहे का, हा कायद्याचा प्रश्न त्याच्यासाठी कागदी नाही.

आता तो १५७ चा आकडा परत बघा. १५४ पेक्षा तो जास्त आहे. न्यायालयानं परत पाठवलेला कायदा दोन-तृतीयांशानं पुन्हा तसाच मंजूर करायची वाट संविधानातच आहे, हे वर आलंच. २०२५ पूर्वी ती वाट अतिउजव्या पक्षाच्या मदतीनं कुणाला गाठता येत नव्हती. आज अंकगणितानं ती गाठता येते.

पक्षावर बंदी

हा उपाय सगळ्यात गाजतो आणि सगळ्यात कमी वापरला जातो. पोर्तुगालच्या कलम ४६ नुसार सशस्त्र किंवा लष्करी धाटणीच्या संघटना, वंशवादी संघटना आणि फॅसिस्ट विचारसरणीच्या संघटना यांना परवानगी नाही. १९७८ सालचा एक स्वतंत्र कायदाही आहे. तरी १९९४ मध्ये एका नवफॅसिस्ट संघटनेचं प्रकरण घटना न्यायालयापुढे आलं तेव्हा तोवर ती संघटना स्वतःच विसर्जित झाली होती, आणि न्यायालयानं पुढे जायचं कारण उरलं नाही असं म्हटलं. बंदीची भीती दिसली की पाटी उतरवायची आणि दुसरीकडे लावायची, ही या उपायातली नेहमीची फट.

जर्मनीत बंदीची मागणी केंद्र सरकार, बुंडेस्टाग (संसद) किंवा बुंडेस्राट (राज्यांचं सभागृह) करू शकतात, आणि निर्णयाला ८ पैकी ६ न्यायाधीश लागतात. १९५२ साली नाझींचा वारसा सांगणारा एसआरपी आणि १९५६ साली कम्युनिस्ट पक्ष, एवढ्याच दोन बंद्या. एनपीडी या नवनाझी पक्षावरचा पहिला खटला २००३ मध्ये कोसळला, कारण पक्षाच्या वरच्या फळीतच सरकारचे खबरे होते. पक्ष काय बोलतो आणि सरकारचा माणूस काय बोलतो, हे वेगळं करायचं कसं? २०१७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की पक्षाची उद्दिष्टं संविधानाविरुद्ध आहेत, पण ती तडीस नेण्याचं बळ त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. मग संविधानात बदल करून सरकारी निधी तोडायची सोय केली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये नाव बदललेल्या त्याच पक्षाचा निधी ६ वर्षांसाठी बंद झाला.

यातून एक विचित्र अडचण उभी राहते. पक्ष लहान असतो तेव्हा बंदीची गरज नाही असं न्यायालय म्हणतं, आणि मोठा होतो तेव्हा लाखो मतदारांचा पक्ष बंद करणं लोकशाहीलाच जड जातं. म्हणून मला बंदीपेक्षा रोजचे छोटे नियम अधिक भरवशाचे वाटतात. पोर्तुगालमध्ये पक्ष नोंदवायला ७,५०० मतदारांच्या सह्या लागतात आणि पक्षाची घटना लोकशाही पद्धतीची आहे का ते घटना न्यायालय तपासतं. अध्यक्षाच्या हाती फार सत्ता एकवटते म्हणून शेगाची पक्षघटना न्यायालयानं परत पाठवलेली आहे. बातमी छोटीच होते, पण 'नेता म्हणेल ते' या पद्धतीला पक्षाच्या आतच अडवण्याचा हा नियम आहे.

बांध कुठून फुटतो

खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध मोठ्या लाटेपेक्षा खेकड्यांच्या बिळांनी जास्त वेळा फुटतो. हंगेरीत तसंच झालं.

२०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मतं मिळाली आणि ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे ६८ टक्के. मतं अर्ध्याहून थोडी जास्त, जागा दोन-तृतीयांशाच्या वर. जागा मतांच्या प्रमाणात राहतील याची कुठे हमी नव्हती, पोर्तुगालच्या कलम २८८ सारखी. आणि संविधान बदलायला तेवढे दोन-तृतीयांश पुरे होते. नवीन संविधान लिहिण्याच्या नियमांना चार-पंचमांश मान्यता लागेल अशी एक तरतूद १९९५ साली घातलेली होती. पण ती तरतूदच काढून टाकायला किती मतं लागतील, याला वेगळं संरक्षण दिलेलं नव्हतं. ती साध्या दोन-तृतीयांशानं काढली गेली. मग २०११ मध्ये एकाच बाजूच्या मतांनी नवं संविधान आलं. घटना न्यायालयातले न्यायाधीश ११ वरून १५ झाले. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं, म्हणजे अनुभवी न्यायाधीशांची एक फळीच घरी गेली. युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये हे चूक ठरवलं, पण तोवर बहुतेक खुर्च्या भरल्या होत्या. २०१४ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुन्हा १९९ पैकी १३३ जागा, दोन-तृतीयांश पूर्ण. एकाही दिवशी रणगाडा रस्त्यावर आला नाही.

पोर्तुगालच्या कलम २८८ लाही हाच धोका आहे. ते स्वतः अपरिवर्तनीय नाही. १९८९ च्या दुरुस्तीत उत्पादनसाधनांच्या सामूहिक मालकीबद्दलचा भाग त्या यादीतून काढला गेला होता. त्या वेळी तो बदल बहुतेकांना योग्य वाटला असेल, पण यादी बदलता येते हे त्यानं सिद्ध केलं. शिवाय एखादी घटनादुरुस्तीच कलम २८८ विरुद्ध आहे असं म्हणून ती रद्द करायचा अधिकार घटना न्यायालयाला संविधानानं स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत.

आपल्याकडे उलट आहे. भारतीय संविधानात 'याला हात लावू नका' अशी यादी नाही. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी म्हटलं की संसद संविधान बदलू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. ७ विरुद्ध ६. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालानं ते पक्कं केलं. लिखित यादी नसली तरी दुरुस्ती रद्द करणारं न्यायालय आहे. २०१५ साली न्यायाधीश नेमण्याच्या पद्धतीबद्दलची घटनादुरुस्ती याच आधारावर रद्द झाली.

दोन-तृतीयांशाचा आकडा संरक्षणाचा असतोच असं नाही, हेही गोव्याला सांगायला नको. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात विधिमंडळ पक्षातल्या दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केलं तर अपात्रता लागत नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. दोन्ही वेळा दोन-तृतीयांश पुरले. फुटीर एकेकटे गेले असते तर अपात्रतेची कारवाई होती, घोळक्यानं गेल्यावर वाट मोकळी. तरतूद करणाऱ्यांनी मोठा आकडा ठेवला तो फूट अवघड व्हावी म्हणून. लहान सभागृहात तो ८ माणसांवर येतो.

खुर्च्या कोण भरतं

आता शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पोर्तुगालच्या घटना न्यायालयात १३ न्यायाधीश असतात. १० संसद निवडते, तेही दोन-तृतीयांश मतांनी. उरलेले ३ हे १० जण निवडतात. १३ पैकी किमान ६ इतर न्यायालयांतले न्यायाधीश असावे लागतात. मुदत ९ वर्षांची आणि दुसऱ्यांदा नेमणूक नाही. पुन्हा नेमणूकच नसल्यानं न्यायाधीशाला कुणाला खूश ठेवायचं कारण उरत नाही.

दोन-तृतीयांशामुळे पूर्वी दोन्ही मोठ्या पक्षांना एकमेकांशी बोलून नावं ठरवावी लागत. टोकाची माणसं आपोआप गळत. आता दोन-तृतीयांश कुणाला अडवता येईल ते उलट्या बाजूनं मोजा. सगळे हजर असतील तर अडवायला ७७ मतं लागतात. आघाडीकडे ९१ आहेत, ती एकटी अडवू शकते. समाजवाद्यांकडे ५८. त्यांचा नकाराधिकार गेला. शेगाकडे ६०, त्याच्याकडेही तो अजून नाही, १७ कमी आहेत. आघाडीनं नावांसाठी समाजवाद्यांशी बोलायचं ठरवलं तरी ५ मतं बाहेरून आणावी लागतात. शेगाशी बोलायचं ठरवलं तर ३.

जर्मनीत थुरिंगिया या राज्यात हे पुढचं पाऊल पडून गेलंय. २०२४ च्या निवडणुकीत एएफडी या अतिउजव्या पक्षाला ८८ पैकी ३२ जागा मिळाल्या, एक-तृतीयांशाहून जास्त. जिथे दोन-तृतीयांश लागतात तिथे त्यांच्या होकाराशिवाय काहीच हलत नाही, आणि घटना न्यायाधीशांची निवड त्यातच येते. केंद्रातल्या घटना न्यायालयाची रचना साध्या कायद्यानं बदलता येऊ नये म्हणून जर्मन संसदेनं डिसेंबर २०२४ मध्ये ती संविधानातच घातली. दोन महिन्यांनी निवडणूक झाली, तिच्यात दोन जुने मोठे पक्ष आणि ग्रीन पक्ष मिळून ६३० पैकी ४१३ वर थांबले. दोन-तृतीयांश म्हणजे ४२०. हीच दुरुस्ती नव्या संसदेत आणली असती तर या तिघांना ती करता आली नसती.

लिस्बनचा पुढचा निकाल लागेल तेव्हा सरकार कुणाचं येतं ते सगळे पाहतीलच. त्याबरोबर हे तीन आकडेही पाहा. शेगा ७७ ला पोचला का? मध्य-उजवे आणि समाजवादी मिळून पुन्हा १५४ वर गेले का? आणि विशेष कायद्यांची आगाऊ तपासणी मागायला लागणारे ४६ खासदार विरोधी बाकांवर एका गटात उरले का? पोर्तुगालबाहेर राहणाऱ्या, पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोंयकाराला संसदेतल्या दोन जागा निवडायला मत आहे, युरोपात राहत असेल तर युरोपच्या मतदारसंघात आणि गोव्यात राहत असेल तर युरोपबाहेरच्या.